अल्बममधला माझा आवाज

हे मी अजून कोणाले सांगतलं नाही. पोराले नाही, नातीले तर नाहीच. तुमाले सांगतो — आन् आजकाल मी लय खुशीत आहे, तेबी लपवत नाही. खोटं कावून बोलू?

माझ्या नातीनं, रेवानं, गाण्यायचा अल्बम काढला. त्याले डब म्हणतेत म्हणे — एखादा आवाज घ्यायचा आन् विहिरीत ओरडल्यावानी घुमवत ठेवायचा. खाली बास असा, की टेबलावरची कपबशी नाचते! आफ्रिकेचा ढोल, अरबस्तानची बासरी, मधातच मी जिथं नोकरी केली त्या पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलची धडधड. मी सातवी शिकलेला माणूस, पण मले भारी आवडला. माझी बायको सुमन गेल्यापासून घरात एवढा आवाज झालाच नव्हता.

तिसऱ्या गाण्यात सुमनच आहे. भुलाबाईच्या दिवसात — आमच्याकडचा भोंडलाच तो — कंपनीच्या क्वार्टरात शेजारच्या बायका जमवून तिनं गाणे टेप केले होते. ती कॅसेट रेवाले सापडली. सुमन गाऊन राहिली असते — आन् मधात एक माणूस ओरडते, "बंद कर!" रेवानं नेमकं तेच घुमवलं. बंद कर, कर, कर... पोरं त्याच्यावरच नाचतेत.

"आबाजी, हे कोण ओरडून राहिलं? एकदम झकास!"

"मीच," म्हटलं. "कुकरची शिट्टी थांबत नव्हती."

"कुकरवर ओरडले? बाप रे, आजी कशी झेलत होती तुमाले!"

कुकर नव्हता. मी सुमनवर ओरडलो होतो. माझा साहेब पहिल्यांदा चहाले आला, दारात उभा, आन् आतून ते गावाकडचे गाणे — मले लाज वाटली. कोणाची? स्वतःच्या बायकोची. चार बायकांदेखत ओरडलो. तिनं टेप बंद केला, उठून चहा ठेवला. त्याच्यानंतर तिनं भुलाबाई मांडली नाही. गायलीबी नाही. मी पुढं इतके वर्ष एकदाबी "गा" म्हटलं नाही.

परवा सायंकाळी हुडको कॉलनीत रेवाचा कार्यक्रम झाला. काय सांगू, बासनं छाती हालून राहिली होती! ते तिसरं गाणं लागलं. सारे मिळून "बंद कर!" ओरडू लागले. रेवानं माईक माझ्या तोंडापुढं धरला — "आबाजी, तुम्ही म्हणा!"

सुमनचं गाणं चालू होतं. मी ओरडलो. पुऱ्या ताकदीनं. लोकं म्हणे, आखीन एकदा — आन् मी आखीन एकदा ओरडलो.