अंजनगावचं पान आणि मूर्तिजापूरची सावली

वकीलसाहेबांनी विडा तोंडात घातला, दोनदा चावला आणि दुकानासमोरच्या नालीत थुंकून टाकला. रागावले असते तर बरं झालं असतं. रुमालानं ओठ पुसत ते शांतपणे म्हणाले, "वैशाखात आमच्या ताईचं लग्न आहे. पानसुपारी तुमच्याकडेच ठरली होती. काय ते बघा." एवढं बोलून ते कचेरीकडे चालते झाले आणि मी चुन्याची डबी हातात धरून बसलो. वकिलांच्या घरच्या लग्नात काळं पान गेलं, की अकोल्यात माझ्या दुकानाकडे पुन्हा कोण फिरकणार?

पानाच्या धंद्यात असून मी पानाचा मळा कधी पाहिला नव्हता, हे सांगायला लाज वाटते. आमच्याकडे पान येतं अंजनगाव सुर्जीहून. वडिलांच्या वेळेपासून नत्थूकाका हे आमचे अडते. मळेवाल्यांकडून टोपल्या मागवायच्या आणि आठवड्यातून दोनदा दुकानात पोचत्या करायच्या, हे त्यांचं काम. पान असं यायचं की जणू आत्ताच खुडलंय. यंदा होळीनंतर मात्र टोपली उघडावी तर कडा काळ्या, देठ मऊ आणि वास कुबट. काकांना दोनदा सांगितलं. भिंत धरून उभ्यानंच "पाह्यतो, पाह्यतो," म्हणाले आणि माझ्याकडे न बघताच निघून गेले. म्हातारा स्वस्तातला माल आपल्या गळ्यात मारतोय, असं माझ्या मनानं घेतलं.

माझ्या मनानं काही घेतलं की ते लगेच तोंडावर येतं. गोदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वेळेवर अडवलं. रोज पहाटे पानं निवडायला तीच बसते, त्यामुळे या बाबतीत तिचा शब्द चालतो. "काकाले आत्ताच काई बोलू नका," ती म्हणाली. "पह्यले मळा पाहू. मंग तोंड उघडजा." ठरलं. दर्यापूरला गोदाच्या मावशीकडे जातो, असं काकांना सांगितलं. मावशी दर्यापूरला आहे, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. खरा बेत असा होता, की थेट मळेवाला गाठायचा आणि काकांना बाजूला करायचं.

अंजनगावला जायचं तर अकोल्याहून सकाळची पॅसेंजर धरून मूर्तिजापूरला उतरायचं आणि तिथं छोट्या रुळांची गाडी पकडायची. भाडं काही आण्यांचं, कुणाच्याही खिशाला झेपेल असं. एक गोष्ट विसरू नका, प्यायचं पाणी घरून न्या. दर्यापूरच्या बाजूला विहिरींना खारं पाणी लागतं. मी शहाणपणा करून सुरई घरी ठेवली होती, गोदानं ती गुपचूप उचलून आणली आणि परतीपर्यंत मला त्याबद्दल ऐकवलं.

मूर्तिजापूरला छोट्या गाडीची वाट पाहावी लागते, आणि बसायला एकच जागा चांगली आहे. फलाटाच्या टोकाला एक भलंमोठं कडुनिंबाचं झाड आहे, त्याखाली पार्बताबाई भाजी विकते. काकड्या, मेथी, वांगी, मोगऱ्याच्या कळ्या, सगळं ओल्या फडक्याखाली. बाई मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची. गोदानं काकडी घेतली, तर तिनं मीठ लावून चिरून दिली आणि वर माझ्याकडे बघून म्हणाली, "हे मानूस उन्हात काहून उभं हाये? सावलीचे पैसे नाई लागत." मी गेलो आणि बसलो.

तेवढ्यात अंजनगावहून छोटी गाडी आली. हमालांनी पानांच्या टोपल्या उतरवल्या आणि अकोल्याच्या गाडीसाठी उघड्या फलाटावर रचल्या. मीही त्या बघितल्या. बघितल्या आणि आलुबोंडा खाल्ला. आलुबोंडा मात्र उत्तम होता.

छोट्या गाडीचं कौतुक आणि निंदा दोन्ही पुष्कळ ऐकलं होतं. मला ती आवडली. तिला कसली घाई नाही, आणि तिच्यात बसलं की आपलीही जाते. डब्यात एक म्हातारा गाडीतल्या प्रत्येकाला त्याच्या गावाचं नाव विचारत होता आणि तिथं आपला एक तरी पाहुणा काढत होता. पूर्णेच्या पुलावर सगळे बोलायचे थांबले, नदी ओलांडली आणि परत सुरू झाले. दोन्हीकडे काळी रानं नांगरून उन्हात तापत पडली होती. अंजनगाव जवळ आलं तसे उत्तरेला गाविलगडाचे डोंगर दिसायला लागले आणि मधेच हिरवे, गच्च चौकोन. तेच पानमळे.

दादाराव बारी हे नाव मला पानांच्या टोपलीवर बांधलेल्या चिठ्ठीमुळे ठाऊक होतं, त्यामुळे विचारत विचारत घर सापडलं. साठीचे, बोलायला कमी, पाहुणचाराला जास्त. "मळा पाहाचा हाये? वाहना इथंच काढा," ते म्हणाले. पानमळ्यात चप्पल घालून कुणी जात नाही. बांधावर जोड्यांची रांग लागलेली होती, जशी देवळाबाहेर लागते. आत पाऊल टाकलं आणि अंगावरचं ऊन कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. शेवरी-पांगाऱ्यांच्या खोडांवर वेल चढलेले, चारी बाजूंनी गवताच्या ताट्या, पाटात गार पाणी आणि पायाखाली ओली माती. गोदानं एक पान खुडायची परवानगी मागितली, खाल्लं आणि डोळे मिटले. मला वाटतं त्या क्षणी ती मला, दुकानाला आणि वकिलांना विसरली असावी. मला फार बरं वाटलं.

मग मी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काळं पान काढलं. दादारावांनी ते उजेडाला धरलं, शीर बोटानं चाचपली.

"हे माह्यंच पान हाये," ते म्हणाले.

"तुमचं?"

"मंग काय. माह्या वेलाचं पान मी ओयखत नाई का? पन इथून तं हिरवं जाते."

मी माझा बेत बोलून दाखवला. काकांना मधून काढून टाकू, माल सरळ मला पाठवा. दादारावांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "नत्थूभौचं आन आमचं लय जुनं हाये," एवढंच म्हणून त्यांनी जेवायला चला म्हटलं. रोडगे, वांग्याची भाजी आणि कच्च्या आंब्याचं पन्हं. जेवण असं होतं की संशय घेऊन त्या पंगतीत बसणं जड गेलं, पण संशय काही सुटला नाही. दोघांतला एक खोटं बोलतोय, हे नक्की. हिरवं पान वाटेत आपोआप काळं कसं होईल?

ओसरीवर अंथरुणं पडली तेव्हा गोदा म्हणाली, "सकाई टोपली निंगते ना? आपनही तिच्यासंगंच जाऊ."

तसं केलं. पहाटे आमच्यासमोर पानं खुडली, केळीच्या पानांत गुंडाळून टोपलीत भरली, वर पाणी शिंपडलं. एक जरी पान वाईट असतं तर गोदाच्या नजरेतून सुटलं नसतं. छोट्या गाडीच्या डब्यात टोपल्या सावलीत होत्या, दर्यापूरला गोदानं हात घालून पाहिला तर गार. चांगलं ऊन तापल्यावर मूर्तिजापूर आलं. हमालांनी टोपल्या उघड्या फलाटावर रचल्या आणि गेले. अकोल्याची गाडी यायला अजून खूप अवकाश होता.

आम्ही कडुनिंबाखाली बसलो. थोड्या वेळानं गोदा उठली, उन्हातल्या टोपलीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. "आतून गरम होऊन राह्यलं हे," ती म्हणाली. मी धावत गेलो. आम्ही दोघं टोपली ओढायला लागलो तर पार्बताबाई हसली.

"अशीच वढत जाय तो म्हातारा."

"कोनता म्हातारा?"

"अकोल्याचा. नत्थूभौ. प्रत्येक खेपेले येत जाय. टोपल्या माह्या झाडाखाली वढे, पानी मारे, माह्यासंगं च्या पिये, मंग त्याइच्यासंगंच गाडीत बसे. आता दिवाईपासून नाई आला. काहून, बरा तं हाये ना?"

मी टोपली सावलीत ओढली आणि तिच्यावर पाणी मारलं. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की आमचं पान ताजं असतं, कारण आमचा मळेवाला चांगला आहे. हिवाळा होता तोवर उघड्या फलाटानं काही बिघडलं नव्हतं. होळीनंतर ऊन तापलं आणि पानं काळी पडायला लागली. पार्बताबाईशी तिथंच बोलणं झालं: टोपल्या आल्या की झाडाखाली ओढायच्या, पाणी मारायचं. बदल्यात तिला थोडे पैसे आणि दर खेपेला पानांची एक जुडी. "जुडी मोठी देजा," ती म्हणाली.

अकोल्याला उतरलो आणि घरी न जाता टोपली घेऊन सरळ काकांकडे गेलो. काका खाटेवर होते, दोन्ही गुडघ्यांना एरंडाची पानं बांधलेली. दुकानात आले की ते भिंत धरून का उभे राहायचे, ते मला तेव्हा कळलं.

"काका, मूर्तिजापूरच्या पार्बताबाईनं रामराम सांगतला."

काकांनी गुडघ्यावरचं पान नीट बसवलं. मग म्हणाले, "दर्यापूरले गेल्ते ना तुमी?"

"गुडघ्याचं मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं, तं तू दुसरा अडत्या पाह्यला असता."

मी तेच करायला गेलो होतो. गोदानं टोपली उघडली, हिरवंगार पान काढून काकांच्या हातात दिलं आणि विषय संपवला. अडत काकांकडेच राहिली. बोलणी, माल, भाव सगळं तेच बघतात. आम्ही टोपली स्टेशनवरून आणतो.

वैशाखात ताईचं लग्न झालं. वकीलसाहेबांनी एक विडा खाल्ला, दुसरा घेतला आणि काळ्या कोटाच्या खिशात ठेवला. मी ते बघितल्याचं त्यांना कळलं तेव्हा ते हसले. त्या दिवशी मी किती खूश होतो, ते गोदा अजून नक्कल करून दाखवते.

तुम्ही अंजनगावला जाल तेव्हा मळा पाहाच, चप्पल बांधावर काढा आणि दादारावांकडे जेवा. पण मला विचाराल तर त्या प्रवासातलं माझ्याजवळ जे उरलं ते मूर्तिजापूरचं आहे. दिवाळीनंतर ऊन उतरलं तेव्हा मी तिकडची तीन तिकिटं काढली. काकांना हळूहळू चालवत कडुनिंबाखाली नेऊन बसवलं. पार्बताबाईनं चहा मागवला. तेवढ्यात छोटी गाडी आली, टोपल्या उतरल्या, आणि काका खोडाला हात लावून उठायला लागले.

"बसा ना बाप्पा," पार्बताबाई पदर खोचत म्हणाली. "मी हाये."