चौदा भाज्यांचं अंगण

पाचोळाकाकूंना राग असा येतच नसे. दुधात पाणी असो, कामवाली चार दिवस न सांगता घरी बसो, काकू म्हणायच्या, "असेल काही अडचण," आणि स्वतः भांडी घासायला बसायच्या. पण अंगणात खराटा फिरल्याचा आवाज कानावर पडला की ही शांत बाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर धावायची आणि "कोण आहे रे तिकडे?" म्हणून अस्सल साताऱ्याच्या मराठीत ओरडायची. कोलकात्यातल्या बागबाजारच्या आमच्या गल्लीत मराठी कळणारे आम्ही दोघंच, त्या आणि मी. पण त्या ओरडण्याचा अर्थ मात्र साऱ्या गल्लीला कळायचा. खराटा तिथेच थांबायचा.

पाचोळाकाकू हे नाव मी ठेवलेलं, तेही मनातल्या मनात. बाकी सगळे त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणत. काका बँकेत होते, तीन वर्षांच्या बदलीवर कोलकात्याला आले आणि या शहराच्या प्रेमात पडून तळमजल्यावरचा फ्लॅट घेऊन बसले. काका गेले, मुलगी पुण्याला, आणि काकू त्या सहा बिऱ्हाडांच्या इमारतीत आपल्या अंगणासह राहिल्या. अंगण कागदोपत्री सोसायटीचं. पण वीस वर्षं त्याच्याकडे बघितलं काकूंनी, म्हणून ते काकूंचं, असा सगळ्यांचा समज होता. आंबा, प्राजक्त, कडुनिंब, एका कोपऱ्यात पाण्याचा छोटासा खड्डा, आणि जमिनीवर बारा महिने पावलं बुडतील एवढा पाला. थंडीत लोक पाला पेटवू लागले की काकू पिशवी घेऊन फिरायच्या आणि काडी लागायच्या आत तो मागून आणायच्या. एकदा त्या एका लग्नाच्या जेवणावरूनसुद्धा हातात जेवणाऐवजी वडाच्या पानांची पिशवी घेऊन परतल्या होत्या.

मी एका सरकारी कंपनीत सिव्हिल इंजिनिअर. बायको-मुलं नागपुरात, मी पहिल्या मजल्यावर भाड्याने एकटा. सिमेंट हाच माझा धर्म, आणि खिडकीतून खाली दिसणारं ते अंगण मला आमच्या साइटवरच्या अर्धवट कामासारखं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात मी काकूंना भीतभीत सुचवलं, "काकू, इथे थोडं लेव्हलिंग करून घेतलं तर?" काकूंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "आधी वर्षभर बघ, मग हात लाव." हे वाक्य त्या प्रत्येकाला ऐकवत. मुलीला लग्न ठरवतानाही हेच ऐकवलं होतं म्हणे.

मी वर्षभर बघितलं नाही. काकू तीन आठवडे पुण्याला गेल्या तेव्हा किल्ली माझ्याकडे देऊन त्यांनी एकच काम सांगितलं होतं: पक्ष्यांचं पाण्याचं भांडं भरायचं. मला वाटलं, बाई परत येईल तेव्हा तिला थक्क करून सोडू. दोन रविवार कंबर मोडेपर्यंत राबलो. पाला गोळा करून फेकला. खड्ड्याच्या काठचं हिरवं तण उपटलं, भिंतीवरची गुळवेल ओढून काढली, आणि आमच्या खात्यातल्या माणसाला जे सौंदर्याचं शिखर वाटतं ते करून ठेवलं. म्हणजे अंगणाच्या कडेने तिरप्या विटा पुरल्या आणि एकाआड एक विटेला गेरू आणि चुना लावला.

काकू हावड्याहून टॅक्सीने आल्या, फाटकात बॅग ठेवली आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. मी कौतुकाची वाट बघत होतो. "छान," त्या म्हणाल्या. "आता फक्त झेंडा लावला की साहेबांना बोलावता येईल." मग खाली बसून त्यांनी उघड्या मातीवरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

शिक्षा मात्र झाली. पुढचे पाच रविवार भल्या सकाळी काकू मला सियालदहला घेऊन गेल्या. खेड्यापाड्यांतून गाडीने भाजी घेऊन येणाऱ्या बायका स्टेशनबाहेर पोती अंथरून बसतात. काकू त्यांच्यात उकिडव्या बसायच्या आणि सरळ मराठीत म्हणायच्या, "मुळासकट दे गं, मला लावायचीय." त्या बायकांना ते कळायचं कसं देव जाणे, पण पुढच्या रविवारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली मुळं हजर असायची. मी उपटलेली एकेक गोष्ट अशी परत आली. चार पानांची नाजूक सुषनी, चिखलात पसरणारी हेलेंचा, शांचे, कासविंदा. नावं मी वहीत लिहून घ्यायचो, कारण काकू घरी आल्यावर विचारायच्या. चुकलं की चहा बिनसाखरेचा मिळायचा. माझ्या लाल-पांढऱ्या विटा काकूंनी फेकल्या नाहीत. उलट्या करून मातीत दाबल्या आणि म्हणाल्या, "राहू देत, बेडकांना आडोसा."

सोसायटीचे सेक्रेटरी होते घोषालबाबू, दुसऱ्या मजल्यावरचे. माणूस सज्जन, पण नीटनेटकेपणाचं वेड. "माशीमा, एकदम जंगल हो गया है. मच्छर होगा, डेंगू होगा," हे त्यांचं पालुपद. एकदा महापालिकेच्या आरोग्यसेविका डासांच्या अळ्या शोधायला आल्या. घोषालबाबू त्यांना मोठ्या उत्साहाने थेट काकूंच्या खड्ड्यापाशी घेऊन गेले. खड्ड्यात काकूंनी सोडलेले इवलेसे मासे फिरत होते, अळी एकही नाही. मग त्या बायांनी सगळी इमारत पाहिली आणि अळ्या सापडल्या दुसऱ्या मजल्यावर, घोषालबाबूंच्या मनीप्लँटखालच्या बशीत. काकूंनी संध्याकाळी वाटीत पाणी घालून दोन मासे तेवढे वर पाठवले.

त्यानंतर घोषालबाबूंनी मच्छर सोडून गाड्यांचा विषय काढला. इमारतीत आता तीन गाड्या झाल्या होत्या आणि गल्लीत उभ्या केल्या की रोज कुणीतरी ओरखडा काढायचं. अंगणात फरशी घालून पार्किंग करायचं असा ठराव मीटिंगपुढे आला आणि नकाशा काढायचं काम आलं माझ्याकडे. मला नाही म्हणता आलं नाही. म्हणजे म्हणता आलं असतं, पण धाडस झालं नाही. शेजाऱ्यांशी वाईटपणा कोण घेणार, त्यात मी भाडेकरू, हे सगळं मनाला समजावून मी नकाशा काढला आणि चोरासारखा काकूंना दाखवायला गेलो.

काकूंनी चष्मा लावून तो नीट पाहिला. मग पेन्सिल मागितली. "गुळवेलीचं खोड इथे नाही, पूर्वेला आहे. आणि आंबा भिंतीला एवढा चिकटून दाखवलायस, तो निदान चार हात लांब आहे. तोडायचंच असेल तर नकाशा तरी बरोबर काढ रे, इंजिनिअर." एवढंच. मीटिंगमध्ये त्यांनी विरोध केला, एकट्यांनी. बाकीचे हात वर गेले. मला मतदानाचा हक्क नव्हता, याने त्या दिवशी हायसं वाटलं आणि आजही त्याची लाज वाटते.

दिवाळीतली कालीपूजा झाली की काम सुरू, असं ठरलं. फरश्या आधीच येऊन पडल्या, अंगणाच्या फाटकाकडच्या कोपऱ्यात छातीइतकी चळत. काकूंनी मुलीला फोन करून सांगितलं, "दिवाळी झाली की येते पुण्याला. कायमची." वीस वर्षांचं अंगण जाताना बघायला ती बाई थांबणार नव्हती.

नरकचतुर्दशीच्या सकाळी काकूंनी मला अभ्यंगस्नानाचं उटणं आणि फराळाला बोलावणं, दोन्ही दिलं. अंघोळीआधी पायाखाली फोडायची कारिटं कोलकात्यात कुठून मिळणार, पण काकूंच्या कुंपणावर साताऱ्याहून आणलेल्या बियांचा कारिटाचा वेल होता. माझ्या आठ वर्षांच्या बदलीत नरकासुर मारला तो त्या वेलाच्या जोरावर. फराळ झाल्यावर काकूंनी नेहमीप्रमाणे पाच घरांची पाच ताटं भरली. "घोषालांना पण?" मी विचारलं. "का, त्यांची दिवाळी नाही?" असं म्हणून त्यांनी चकल्या दोन जास्त घातल्या.

ताट घेऊन मी वर गेलो, तर घोषालबाबूंच्या घरात वेगळंच रण माजलं होतं. बंगाल्यांची तीच तिथी, भूतचतुर्दशी. त्या दिवशी दुपारी चौदा प्रकारच्या पालेभाज्या खायच्या आणि संध्याकाळी चौदा दिवे लावायचे. घोषालबाबूंच्या आई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, ज्यांना आम्ही सगळे ठाकुमा, म्हणजे आजी, म्हणायचो, पलंगावर बसून बाजारातून आणलेली चिरलेल्या पाल्याची जुडी बोटांनी विसकटत होत्या. "पालक. मुळा. पुन्हा पालक," त्या म्हणाल्या. "ह्याला चौदा शाक म्हणतात? शुषनी कुठाय? हेलेंचा कुठाय? दरवर्षी मला फसवता. मरायच्या आधी एकदा तरी खरी चौदा खाऊ द्या!"

नावं ओळखीची होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "ठाकुमा, नीचे है."

"कोथाय?" त्यांनी मान वर केली.

"खाली. माशीमांच्या अंगणात. शुषनी, हेलेंचा, दोन्ही."

घोषालबाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, उद्या घर सोडायची नोटीस येणार. ठाकुमा पलंगावरून खाली उतरल्या होत्या. दोन वर्षं ज्यांनी जिना पाहिला नव्हता, त्या बाई माझा हात धरून, एकेका पायरीवर टेकत, "मा, तोमार हांटू!" असा गुडघ्यांच्या काळजीचा मुलाचा आक्रोश मागे टाकत अंगणात आल्या. काकू दारात उभ्या होत्या. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. ठाकुमा खड्ड्याच्या काठी बसल्या, चार पानांची एक काडी खुडली, नाकाशी धरली आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. "एई तो शुषनी! आमच्या गावच्या तळ्याची!"

मग मोजणी सुरू झाली. काकू पुढे, ठाकुमा मागे, टोपली धरायला मी. सुषनी एक, हेलेंचा दोन, कडुनिंब तीन, गुळवेल चार, कासविंदा, सुरणाचं पान, परवलाची कोवळी पानं. काकूंच्या तोंडून मराठी नाव आणि ठाकुमांच्या तोंडून बंगाली, आणि दोघी माना डोलवत पुढे. चाकवत, मोहरी, शेपू काकूंनी वाफ्यात लावलेली होती. एव्हाना वरच्या सगळ्या गॅलऱ्यांत बायका उभ्या होत्या आणि मोठ्याने आकडे म्हणत होत्या. अकरा! बारा! तेरा!

तेरावर गाडी अडली. ठाकुमा इकडेतिकडे बघू लागल्या. "शांचे?"

"होती," काकू म्हणाल्या आणि फाटकाकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आता त्या फरश्यांखाली आहे."

मी ते ठाकुमांना सांगितलं. ठाकुमांनी वळून मुलाकडे पाहिलं. "तोल," त्या म्हणाल्या. उचल.

सणाचा नवा कुडता घातलेले घोषालबाबू फरश्यांपाशी गेले. मग बाह्या वर केल्या आणि पहिली फरशी उचलली. दुसरी मी उचलली. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे गाडीमालक, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तेही खाली आले, कारण त्यांच्या बायकांनी त्यांना पाठवलं. घामाघूम होऊन आम्ही ती चळत हलवली. खाली शांचे होती. पिवळी, चपटी, दबलेली, पण प्रत्येक पेराला नवा कोंब काढलेली. "चोद्दो!" गॅलरीतून एकदम आरोळी उठली आणि कुणीतरी शंखसुद्धा फुंकला.

ठाकुमांनी टोपली मांडीवर घेतली आणि मुलाला म्हणाल्या, "एई उठोन थाकबे." हे अंगण राहणार. मीटिंग नाही, ठराव नाही, हात वर नाहीत. त्या दुपारी सहाही घरांत एकच भाजी शिजली. काकूंनी त्यात आपला म्हणून लसूण घातला आणि ठाकुमांची बोलणी खाल्ली. फरश्या दोन दिवसांत परत गेल्या, आणि पुण्याचं तिकीट काकूंनी स्वतः रद्द केलं.

त्यानंतर दोन वर्षं काकू तिथे राहिल्या, आणि ती त्यांच्या राज्याची वर्षं होती. शेजारच्या इमारतींतल्या बायका मुळं न्यायला येत. काकू त्यांना आधी अंगणाची शिकवणी देत आणि मगच मूळ देत. मग मुलीला बाळ झालं आणि काकू पुण्याला गेल्या. हावड्याला त्यांची बॅग घोषालबाबूंनी उचलली, माझ्या हाती लागू दिली नाही. गाडी हलायच्या आधी त्यांनी डब्यात चढून काकूंना वाकून नमस्कार केला. काकू खिडकीतून मला म्हणाल्या, "रडतोस काय? चैत्रात सुरणाचे कंद लावायचेत, विसरशील." मी विसरलो नाही. पुण्यात गेल्यावर दीड वर्षाने काकू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच वाफ्यात होतो.

मागच्या महिन्यात काकूंच्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड आलं. आयटीतलं तरुण जोडपं, बरोबर पांढरी मोठी गाडी. गाडीमालकाने सगळीकडे नजर फिरवली आणि घोषालबाबूंना नम्रपणे विचारलं, "अंकल, तळमजल्यासमोर इतकी मोकळी जागा आहे. इथे फरशी घालून गाडी लावली तर चालेल ना?"

घोषालबाबू खड्ड्याकाठची शांचे खुडत होते. ते उठले, गुडघ्याची माती झटकली. "गाड़ी रास्ते पे लगाइए," ते म्हणाले. "ये जगह खाली नहीं है."

मला त्या क्षणी काकू हव्या होत्या, फार हव्या होत्या. हसू आणि रडू एकदम आलं म्हणून मी पाठ फिरवून आंब्याकडे बघत राहिलो. काकू जिंकल्या होत्या, आणि जिंकलेलं राखायला आता त्यांची गरजसुद्धा उरली नव्हती.