अकराव्या गुरुवारचा पेढा

माझी लेक आठव्या महिन्यात, सिझेरियनने झाली. पहिले पंधरा दिवस काचेच्या पेटीत, अँटिबायोटिक्सवर. उष्टावणाला दुधाच्या खिरीचं बोट लावलं आणि तिच्या अंगभर गांधी उठल्या. डॉक्टर म्हणाले, "बाळाच्या आतड्यात सुरुवातीच्या महिन्यांत चांगले जंतू वस्तीला येतात. अन्न आपलंच आहे, हे शरीराला शिकवायला ते मदत करतात. हिच्या बाबतीत तिथे काही राहून गेलं असेल, नक्की सांगता येत नाही. तुमचा दोष नाही." शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं मी घरी घेऊन आले. माझ्याच पोटातून तिला जे मिळायचं ते मिळालं नाही, या विचाराने जेवण जाईना. दुधाचा थेंब कुठे सांडलाय का, हे बघत मी दिवसभर फरशी पुसायची.

शेवटी तिला दूध सोसू दे म्हणून वारज्यातल्या आमच्या दत्तमंदिरात अकरा गुरुवार बोलले. लेक दीड वर्षाची झाली होती. अकराव्या गुरुवारी पुजारीबुवांनी हातावर पेढा ठेवला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगते, मला नाही म्हणायचंच नव्हतं. नवस पुरा झालाय, आता काय होणार, असं म्हणून मी कणभर पेढा तिच्या जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले.

"अहो, डोळे उघडा! मुलीचे ओठ बघा!"

मागे रांगेतली एक बाई ओरडली. लेकीचे ओठ सुजले होते, श्वास घरघरत होता. अशा वेळेसाठी डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन पर्समध्ये होतं, पण मला पर्सची चेन उघडेना. बाईंनी पर्स ओढून घेतली. "सिस्टर आहे मी," एवढंच म्हणाल्या आणि लेकीच्या मांडीत सुई टोचली. रिक्षात त्या आमच्यासोबत बसल्या. मी सारखी "प्रसाद होता हो, प्रसाद होता" म्हणत होते. त्या म्हणाल्या, "देवाला तिची अ‍ॅलर्जी ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक होती."

शब्द झोंबले, पण तोवर लेकीचा श्वास मोकळा होत होता. हॉस्पिटलच्या दारात मी तिला डॉक्टरांच्या हाती देऊन वळले, तर त्या बाई निघून गेल्या होत्या. नाव विचारायचंही राहिलं. पुढे कितीतरी गुरुवार शोधलं, दिसल्या नाहीत. त्या कोण होत्या याचा कीस मी काढत नाही. मी डोळे मिटले तेव्हा कुणीतरी माझ्या लेकराकडे बघत होतं, एवढं मला पुरतं.

लेकीचं दूध अजून बंदच आहे. पुजारीबुवा आता तिच्यासाठी खडीसाखरेची वेगळी वाटी ठेवतात. पेढा मी कपाळाला लावून शेजारच्याला देते. देवावर भार टाकला म्हणजे आपले डोळे मिटायचे, असं मला वाटायचं. आता रांगेत उभी राहिले की माझी नजर आधी पुढच्या-मागच्या लेकरांच्या ओठांकडे जाते आणि मग मूर्तीकडे.