घटाच्या मातीतला जव

घटस्थापनेला धान्याचा डबा उघडला की कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास येतो आणि मला लग्नानंतरची ती पहिली होळी आठवते.

कोळवणच्या आमच्या परसात, मोरीच्या पाण्यावर, लांब कुसांच्या ओंब्या उभ्या होत्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेळीला घालायला विळा घेऊन वाकल्या.

"आत्या, कापू नका. धान्य हाय ते."

नव्या सुनेनं अडवल्यावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हितं आमी भात लावतो. हे कुणी पेरलं? गवत हाय."

मी एक ओंबी तळहातावर चोळली. माहेरी गहू पिकायचा. चोळला की त्याचा दाणा मोकळा होतो. ह्याचं टरफल दाण्याला चिकटूनच राहिलं. "जव हाय," मी म्हणाले आणि दाणा त्यांच्यापुढं धरला.

आत्याबाईंनी दाणा उन्हात धरून न्याहाळला आणि एकदम हसत सुटल्या. "आगं बया! दसऱ्याला घटाची माती मीच टाकली की हितं!"

मग विळा माझ्या हातात दिला. "पिकला की तूच काप." तेव्हा वाटलं, एक काम अंगावर आलं. आज कळतं, त्यांनी मला घरात घेतलं होतं.

तेव्हापासून घटाचा जव आम्ही विकत आणला नाही. आत्याबाई आता थकल्यात. पण दसऱ्याला मी मातीची पाटी उचलली की ओट्यावरून हुकूम येतोच, "मोरीवरच टाक. आन् आधी शेळी बांध!"