चांगुणाबाईंनी पाह्यलेला पिक्चर

माझ्या सासूबाईंचं नाव चांगुणाबाई, पण नवीन जालन्यात त्यांना सगळे शिस्टर म्हणतात. ऑपरेशन थिएटरमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली. एमआयडीसीत भट्टीवर भाजलेला माणूस टेम्पोत घालून आणला, की डॉक्टरच्या आधी यांचा हात लागायचा. लग्न होऊन मी या घरात आले तर पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "आकांक्षा, नखं काप." ये न्हाई, बस न्हाई, सरळ नखं. अकरा वर्षांत आमचं एका गोष्टीवर पटलं असंल तर शपथ. पण ही गोष्ट मलाच सांगावी लागंल, कारण मोबाइल माझा होता.

आमच्या चर्चात तृप्ती म्हणून एक पोरगी आहे. बाप न्हाई, आई शिलाईकाम करते. पोरीनं पुण्याला जाऊन मेकअपचं शिक्षण घेतलं. नवरीचा मेकअप न्हाई, पिक्चरमधल्या जखमांचा. कापलेला गळा, सोललेली पाठ, असलं सगळं. तिचं लग्न ठरलं परभणीच्या प्रितमशी. पोरगा गरीब गाय, पण घरचे लोक कडक.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, कोणाची हरकत आहे का? कधीच कोणाची नसते. लोक तेवढ्यात खोकून घेतात. दुसऱ्या रविवारी मात्र आमच्या चर्चचे पंच शमुवेलकाका उभे राह्यले आणि म्हणाले, "माझी हरकत आहे."

तृप्तीनं जखमा केलेला पिक्चर त्याच आठवड्यात मोबाइलवर आल्ता. भुताचा, रक्ताचा. नाव मी घेणार न्हाई, फुकटची जाहिरात कशाला? काका म्हणाले, "असलं सैतानी काम जिच्या हातानं झालं, तिचं लग्न या वेदीपुढं कसं लागंल? आधी मंडळीनं याचा न्याय करावा."

आता ही काय हरकत झाली का? आधीचं लग्न लपवलं, वय कमी आहे, त्याला हरकत म्हणतात. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, काकांना तिथल्या तिथं खाली बसवायला पाह्यजे होतं. पण ते नवीन, पंचांना भिऊन राह्यलेले. म्हणाले, "कोणीतरी जाणत्यानं पिक्चर पाहून आपलं मत सांगावं." काकांनी स्वतः पाह्यला नव्हता, नुसती जाहिरात पाह्यली होती. बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. मंग मागून कोणीतरी बोललं, "रक्त पाह्यची सवय शिस्टरला आहे." सगळं चर्च आमच्या बाकाकडं वळलं.

"पुढच्या रविवारी सांगते," आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या.

सोमवारी प्रितमच्या वडिलांचा तृप्तीच्या आईला फोन आला. तिसऱ्यांदा नावं वाचली न्हाईत, तर सोयरीक मोडली समजा. त्या माउलीनं फोन ठेवला आणि मशीनवरच डोकं टेकलं.

शनिवारी दुपारी भांडी आवरून मी मोबाइल लावला. शेजारच्या लाडबाईला किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घेतल्या. आईंनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि ड्यूटीवर बसल्यासारख्या ताठ बसल्या.

पिक्चरमध्ये एक कामगार भट्टीत भाजून मरतो. मुकादम गेट बंद करून घेतो, दवाखान्यात नेऊ देत न्हाई, कारण पोलीस येतील. मंग तो मेलेला परत येतो आणि एकेकाला मारतो. बाप रे, काय ते मारणं! मी तर उशी तोंडावर धरली. आई मात्र दोन बोटांवर हनुवटी टेकून पाहून राह्यल्या. भाजलेला माणूस आला तवा मला म्हणाल्या, "थांबव." मोबाइल जवळ घेतला, त्या पाठीकडं किती तरी वेळ पाह्यलं. "बराबर आहे," एवढंच म्हणाल्या. पुढं एकाचा गळा कापला तर, "इतकं उडत न्हाई." मला हसू यायला लागलं.

शेवटी मुकादम सापडला. हात जोडून राह्यला, रडून राह्यला. भूत त्याला ओढत भट्टीकडं न्यायला लागलं. मी उशी खाली घेतली. आई पुढं झुकल्या होत्या, मूठ आवळली होती, आणि माझ्या सासूच्या तोंडून मी कधी न ऐकलेल्या आवाजात शब्द आले, "टाक मेल्याला. टाक!"

पिक्चर संपला. त्या उठून खिडक्या उघडायला गेल्या.

संध्याकाळी तृप्ती आली, उंबऱ्यातच उभी राह्यली. "मावशी, काय सांगणार तुम्ही?"

"उद्या चर्चात."

"माझी आई चार दिवस जेवली न्हाई, मावशी."

"उद्या म्हटलं न तुला."

पोरगी गेली आणि माझं डोकंच फिरलं. "काय जातं तुमचं? चांगला आहे म्हणायचं, मोकळं व्हायचं! एका पोरीचा संसार आहे इथं!"

"प्रभूच्या घरात उभं राहून खोटं बोलू?"

"मंग खरं बोलून तिचं वाटोळं करा!" मी म्हटलं. त्यांनी देवखोलीचं... छे, आमच्यात कुठली देवखोली, त्या आपल्या पलंगाशी गुडघे टेकून बसल्या. मी जेवायला हाक मारली तरी उठल्या न्हाईत.

रविवारी प्रभुभोजन होतं. मेजावर भाकर आणि प्याला पांढऱ्या कपड्याखाली झाकून ठेवलेला. पाळकसाहेबांनी आईंना बोलावलं. तृप्तीची आई भिंतीला टेकलेली.

"पिक्चर मी पूर्ण पाह्यला," आई म्हणाल्या. "वाईट आहे."

शमुवेलकाकांनी मान डोलावली. तृप्तीनं ओढणी तोंडाशी धरली. मला वाटलं, आता आईंना ओढून खाली आणावं.

"रक्तासाठी वाईट म्हणत न्हाई. रक्त पवित्र शास्त्रातही आहे, क्रुसावरही आहे. माणसाला कसं दुखतं ते त्यात खरं दाखवलं, तेवढं बिलकुल चांगलं. पण पुढं तो पिक्चर मारण्याची मजा घ्यायला लावतो. ते पाप आहे. आणि मी ती मजा घेतली. एक माणूस हात जोडून जीव मागत होता आणि मी म्हटलं, टाक मेल्याला. माझी सून साक्षीला आहे. आकांक्षा, म्हटलं का न्हाई?"

सगळ्या चर्चादेखत! "म्हटलं," मी बोलले.

"मंग पिक्चरमुळं कोणाला या वेदीपासून अडवायचं असंल तर आधी मला अडवा. त्या पोरीनं रंग लावला. माणूस मारला मी, माझ्या मनात. काका, तुमची हरकत माझ्या नावावर लिहा."

काका उठले आणि परत बसले. पाळकसाहेबांनी कागद काढून तृप्ती आणि प्रितमची नावं तिसऱ्यांदा वाचली. कोणाची हरकत? कोणी खोकलंसुद्धा न्हाई.

प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायला रांगेनं सगळे उठले. आई बसूनच राह्यल्या. पाळकसाहेब खाली आले, हळूच म्हणाले, "शिस्टर, हे मेज पाप्यांसाठीच आहे."

"ठाऊक आहे. आज न्हाई."

उपासना सुटल्यावर तृप्ती आडवी आली. मला वाटलं पाया पडंल, पण पोरगी रागानं लाल झाली होती. "लग्न वाचवलं मावशी, पण माझ्या कामाला सगळ्यांसमोर पाप म्हणालात. सहा महिने मी त्या जखमांवर मेहनत केली."

"जखमा खऱ्या होत्या तुझ्या," आई म्हणाल्या. "तसल्या जखमा मी एकतीस वर्षं बांधल्या, पोरी. ज्यांच्यामुळं झाल्या ते मालक, मुकादम दारात उभे असायचे. तरी कधी कोणाला मारावं वाटलं न्हाई. काल वाटलं."

तृप्तीनं आईंचा हात धरला, आणि आम्ही तिघी गेटपर्यंत तशाच चालत गेलो.