चाळीस खोल्या

आमच्या भावोजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, रंगाच्या दुकानदारापासून चौकातल्या न्हाव्यापर्यंत सगळे ‘वाळू दे’ म्हणतात. घरं रंगवणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईकानं रंग पसंत केला तरी भावोजी लगेच डबा उघडत नाहीत. आधी भिंतीवर वीतभर रुंदीचे तीन पट्टे मारतात, शेजारी पेन्सिलीनं नंबर टाकतात आणि दोन दिवस तिकडे फिरकत नाहीत. सकाळच्या उजेडात बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा, मग सांगा. गिऱ्हाईक उतावीळ होऊन फोनवर फोन करतं आणि यांचं उत्तर ठरलेलं: “वाळू दे.” ओला रंग खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. ताईला बघायला आले तेव्हा तिलाही दोन दिवस वाळवत ठेवली होती, असं मी चिडवतो. ताई म्हणते, दोन नाही, सहा.

त्यांची दुसरी खोड म्हणजे सगळं खोल्यांत मोजायचं. एक खोली रंगवून हातात जे उरतं ते त्यांचं माप. फ्रिज घेतला तो सहा खोल्यांचा. माझ्या लग्नात मला दिलेलं घड्याळ पाऊण खोलीचं, हे मला त्यांनी भर मांडवात सांगितलं. वर्षाला शंभरेक खोल्या व्हायच्या. त्यातच घरभाडं, किराणा, ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि आला-गेला. शिल्लक म्हणाल तर नावालाच.

त्या वर्षी त्यांनी एका विमा एजंट बाईंचा दिवाणखाना रंगवला. बाई रंगावर खूश झाल्या आणि आठवड्यानं तीन कागद घेऊन ताईकडे आल्या. मीही होतो. मी टाइलच्या दुकानात गोदाम सांभाळतो, आकडेमोडीत मला कुणी हरवत नाही, असा तेव्हा माझा समज होता.

“दवाखान्याचं बिल आलं की त्यातला पहिला ठरलेला भाग तुमचा,” बाई म्हणाल्या. “त्याला डिडक्टिबल म्हणतात. त्याच्या वरचं कंपनी भरणार. तुमचा भाग जेवढा मोठा घ्याल, तेवढा वर्षाचा हप्ता कमी.”

भावोजी माझ्याकडे वळले. “खोल्यांत सांग रे.”

मी कागदाच्या पाठीवर सांगितलं. पहिल्या कागदात आपला भाग काहीच नाही, हप्ता चौदा खोल्या. दुसऱ्यात आपला भाग दहा खोल्या, हप्ता नऊ. तिसऱ्यात आपला भाग चाळीस खोल्या, हप्ता फक्त चार. विमा दोघांचा मिळून एकच.

बाई सहीसाठी पेन पुढे करून बसल्या होत्या. भावोजी उठले, स्वयंपाकघराच्या दारामागच्या भिंतीवर उरल्यासुरल्या रंगाचे तीन पट्टे मारले, एक पांढरा, एक पिवळट, एक निळा, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: चौदा, नऊ, चार. मग ब्रश पाण्यात बुडवत म्हणाले, “वाळू दे.” बाईंनी पेन पर्समध्ये टाकलं. त्यांचा दिवाणखाना रंगवून झालेला होता, त्यांना सवय होती.

त्या दोन दिवसांत मी त्यांचं डोकं खाल्लं. चौदा खोल्या म्हणजे जवळजवळ दोन महिने कंपनीसाठी राबायचं. त्यापेक्षा चारवाला घ्या. वर्षाला दहा खोल्या वाचतात, त्या बाजूला टाका. चार वर्षांत चाळीस जमल्या की भीतीच संपली! मला हे गणित इतकं आवडलं की दुकानात दोघातिघांना मी ते करून दाखवलं. आणि भावोजींना झालंय काय? पंचवीस वर्षांत साधा ताप घेऊन झोपलेला माणूस नाही तो.

ताई दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या करत ऐकत होती. “आणि लागल्याच, तर त्या चाळीस खोल्या रंगवायच्या कुणी?” तिनं विचारलं.

“भावोजींनी. दुसरं कोण?” मी म्हणालो. तिला कळलं नाही असं वाटून मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि घड्या कपाटात ठेवायला गेली. मला आजही त्या दुपारची लाज वाटते.

पट्टे वाळले. भावोजींनी निळ्यावर बोट ठेवलं.

सातव्या महिन्यात ते एका इमारतीच्या जिन्यात काम करत होते. दोन घोड्या, म्हणजे चार पायांच्या शिड्या, त्यांवर आडवी फळी, आणि फळीवर भावोजी. छताचा दुसरा हात मारून झाला. रंगाऱ्याला एक सवय असते: हात मारला की एक पाऊल मागे जाऊन बघायचं, रंग सारखा बसला का. जमिनीवर हजारदा केलेली गोष्ट. फळीवर उभं असल्याचं त्या क्षणी ते विसरले आणि एक पाऊल मागे गेले.

उजवा खांदा, दोन बरगड्या, एक मनगट. खांद्यात पट्टी आणि स्क्रू घालावे लागले. बारा दिवस दवाखाना. बिल हातात आलं तेव्हा मी तिथल्या लोखंडी बाकावर बसूनच भागाकार केला. छत्तीस खोल्या.

चाळीसच्या आत. कंपनीनं एक पैसा द्यायचा नव्हता आणि दिला नाही. फसवलं म्हणून शिव्या घालाव्यात तर तेही नाही. जे लिहिलं होतं तेच झालं. पत्र आलं ते भारी अदबीचं होतं. एजंट बाई ते घेऊन स्वतः आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या.

मी पत्र घडी करत होतो. भावोजी गादीवर, हात गळ्यात बांधलेला. छताकडे बघत म्हणाले, “छत्तीस खोल्या. महिन्याला आठ म्हटलं तरी साडेचार महिन्यांत...” आणि थांबले. मग डाव्या हातानं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पाहिलं नाही, फक्त पांघरूण हलत होतं.

तेव्हा कुठे ताईचा प्रश्न माझ्या टाळक्यात शिरला. आम्ही दवाखान्याचा खर्च त्याच हातानं मोजला होता, जो दवाखान्यात पडून राहणार होता. चाळीस खोल्यांची वेळ आली की त्या रंगवणारा माणूस आडवा झालेला असणार, एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही. तिला कपड्यांच्या घड्या घालता घालता दिसली होती.

बाजूला टाकलेल्या सहा खोल्या गेल्या. ताईच्या गळ्यातलं गेलं, माझी फटफटी गेली. बाकीचं दुकानाच्या मालकाकडून मी उचल घेऊन भरलं आणि अजून पगारातून कापून देतोय. भावोजी हात जोडायला लागले तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. गणित माझं होतं, हे त्यांनी एकदा तरी म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. ते कधी म्हणाले नाहीत, ताईही नाही, आणि त्यामुळे मला जेवण जाईना.

हात सुटला, पण खांद्याच्या वर उचलेना. डॉक्टर म्हणाले, एवढाच. अर्धी भिंत रंगवणाऱ्याला काम कोण देणार? एका सकाळी ताईनं भावोजींची जुनी पँट कमरेला दोरीनं आवळली, केसांना फडकं बांधलं आणि त्यांच्याबरोबर निघाली. तेव्हापासून छातीपर्यंतची भिंत भावोजींची, वरची ताईची. ती घोडीवर चढली की हे खाली घोडीचा पाय धरून उभे राहतात, स्वतःचं काम सोडून. म्हणून वर्षाच्या साठ खोल्याही होत नाहीत. सुट्टीच्या दिवशी भिंती घासायला मी जातो. बिनपगारी, आणि ताईच्या शिव्या वर.

वर्ष संपलं, एजंट बाई पुन्हा आल्या. दारामागचे तीन पट्टे तसेच होते. भावोजींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “पहिला कागद द्या. आपला भाग काहीच नाही, तो.”

“तुमच्या खांद्याच्या दुखण्याला हा बदल दोन वर्षं लागू होणार नाही,” बाई चाचरत म्हणाल्या. “ताईंना मात्र अपघातासाठी पहिल्या दिवसापासून.”

“तिच्यासाठीच घेतोय.”

“हप्ता मोठा आहे हो. मी दोन दिवसांनी येते. तुमचं ते वाळू देत.”

“दोन दिवस कुठले? उद्या जिन्याचं काम आहे. ती फळीवर चढणार.” त्यांनी पेन मागितलं, कोपर टेबलावर टेकवून सही केली आणि शाई ओली असतानाच कागद बाईंच्या हातात दिला.

ताई मोरीत ब्रश धूत होती. हात पुसत बाहेर आली. “किती खोल्या?” तिनं विचारलं.

“चौदा,” भावोजी म्हणाले.

या वेळी रंगवायच्या कुणी, हे तिनं विचारलं नाही. तिला माहीत होतं. तिच्या पडण्याचा विमा भरायला तीच आणखी चौदा खोल्यांच्या छतापर्यंत चढणार होती, आणि खाली घोडीचा पाय धरून उभ्या राहणाऱ्या माणसालाही ते माहीत होतं. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

“मग उद्या सहाला निघू,” ताई म्हणाली, आणि राहिलेले ब्रश धुवायला मोरीत गेली.