मधल्या खोलीतला खोकला

आमच्या भोरात नोकरी करणाऱ्या बायका त्या काळी बोटांवर मोजण्याइतक्या. मुलींच्या शाळेत आम्ही काही शिक्षिका, त्यांतच उर्दू वर्गाच्या एक बाई, आणि संस्थानच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. मंडळ काढायची कल्पना नर्सबाईंची. "आपण पगार घेतो म्हणून गाव आपल्याकडे बघतंच आहे," त्या म्हणाल्या, "तर बघतंय तोवर काहीतरी कामाचं दाखवू." हे आधीच लिहून टाकते. कारण पुढं मंडळ कसं निघालं असं कोणी विचारलं, की 'आम्ही काही भगिनींनी मिळून' असं मी सांगत आले. मंडळ त्यांचं होतं.

नर्सबाई फार लहानपणी विधवा झाल्या होत्या. वडिलांनी धीर करून पुण्याला शिकायला ठेवलं आणि शिकून त्या आमच्याकडे आल्या. फिकट काठाचं लुगडं, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. दवाखान्यात गावच्या बायका त्यांच्या हातून बाळंत होत, तेव्हा कपाळाकडे कोणी बघत नसे. हेही ध्यानात ठेवावं.

दर महिन्याला एक विषय घ्यायचा असं ठरलं. देवी टोचून घेणं, हिवताप, पाणी गाळून पिणं, बाळंतिणीची खोली. सभा माझ्या घरी. यजमान संस्थानच्या कचेरीत असत, दुपारी ओसरी मोकळी. पहिल्या महिन्यात विषय नारूचा. नर्सबाईंनी दवाखान्यातून रोग्याच्या पायातून काढलेला एक नारू काचेच्या बाटलीत घालून आणला होता. सतरंज्या घातल्या, बाटली चौरंगावर ठेवली आणि आम्हीच आमच्यासमोर बसून राहिलो. दुसऱ्या महिन्यातही तेच. गावातलं कोणी आलं म्हणावं तर शाळेत झाडलोट करणारी मावशी, आणि ती सतरंज्या उचलायला आली होती.

बाटलीकडे बघून मावशी म्हणाली, "ह्ये बगाय कोन येतंय बाई? घरातनं निगताना सासूला काय सांगायचं? नारू बगून येते म्हनून?"

आम्ही हसलो. नर्सबाई सगळ्यांत जास्त.

"मग काय सांगून निघतात बायका?" मी विचारलं.

"कुकवाला चालले म्हनायचं. कुकवाला कोन न्हाई म्हनंल?"

मावशीनं सहज म्हटलं. उचललं मी. पुढच्या महिन्यापासून मंडळाचं हळदीकुंकू करायचं. बायका येतील, कुंकू होईल, ओटी होईल, मग व्याख्यान. आणि वाण अगदी शेवटी द्यायचं, म्हणजे मधेच कोणी उठणार नाही. मला माझंच कौतुक वाटलं. बोलून झाल्यावर सगळ्या गप्प का झाल्या ते क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि मी नर्सबाईंकडे न बघता वाणाला काय द्यावं याची चर्चा सुरू केली.

उर्दूच्या बाई म्हणाल्या, "माझं काय करणार?"

"तुम्हाला अत्तर लावू, गुलाबपाणी शिंपडू. तुम्ही बसा ना पुढं," मी म्हटलं.

"मग यांनाही अत्तरच लावा की."

नर्सबाईच म्हणाल्या, "अहो, मी बसले तर पहिल्याच रांगेतली पहिलीच बाई उठून जाईल. मी मधल्या खोलीत बसते. चहा बघते. भाषण या घरच्या बाईंना पढवते. माणसं आली म्हणजे झालं, बोलतंय कोण याला काय किंमत आहे?"

त्या हसत म्हणाल्या म्हणून मी ते खरं मानलं. मला तसं मानायचंच होतं.

त्या महिन्यात ओसरी भरून पायऱ्यांवर बायका बसल्या. वाण म्हणून आम्ही पाणी गाळायची फडकी लुटली आणि पुढं कित्येक घरांत ती घागरीवर बांधलेली दिसत. मंडळाचं नाव झालं, आणि माझंही. सभेच्या आदल्या दिवशी शाळा सुटली की नर्सबाई येत आणि मला भाषण शिकवीत. मी पुस्तकी बोले. "गर्भाशय काय, प्रसूती काय! पिशवी म्हणा, सुटका म्हणा. समोर बायका आहेत, परीक्षक नाहीत," असं म्हणून त्या माझी नक्कल करत. आम्ही पोट धरून हसत असू. त्या माझ्या मैत्रीण होत्या, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

प्रश्नांचीही सोय केलेली होती. कोणी विचारलं आणि मला येत नसलं, की मधल्या खोलीत नर्सबाई खोकत. मी विड्यांचं तबक आणायच्या निमित्तानं आत जाई, त्या चार शब्दांत सांगत, मी बाहेर येऊन ते उत्तर माझं म्हणून देई. आलेल्या बऱ्याच जणींना आत कोण आहे ते माहीत असणार. पण कळलंय असं कोणीच दाखवीत नसे. आम्ही दाखवीत नव्हतो, मग त्या कशाला दाखवतील?

कार्तिकातल्या सभेला मामलेदारीणबाई प्रथमच यायच्या होत्या. विषय बाळंतपणाचा. मंडळाला संस्थानातून एक स्वतंत्र खोली मिळावी असा माझा अर्ज होता आणि त्यांनी घरी शब्द टाकला तर ती मिळणार होती. त्या दिवशी माझं सगळं लक्ष त्यांच्या पाटावर.

भाषण चांगलं झालं. वाण आणायला उठणार तोच दाराजवळून मावशी बोलली. शेजारी तिची सून बसली होती, पहिलटकरीण, पोरसवदा. माहेर वेल्ह्याकडं पासलीचं.

"बाई, हिचं पाय लई सुजत्यात बगा. त्वांड बी सुजलंया. डोस्कं दुकतंय म्हनून रातीला रडती. ह्ये बरं का वाईट?"

आत खोकला झाला.

मला उठायला हवं होतं. विड्यांचं तबक मात्र आधीच बाहेर आणून ठेवलेलं, मामलेदारीणबाईंसाठी. आत जायला निमित्त उरलं नव्हतं. पुन्हा खोकला झाला, या वेळी मोठ्यानं.

मामलेदारीणबाईंनी मान वळवली. "आत कोण आहे हो?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "चहाला बाई ठेवलीय."

मग मावशीला म्हटलं, "दिवस भरत आले की सुजतात पाय. पहिलं आहे, घाबरते ती. काही होत नाही." बायकांनी माना डोलावल्या, कारण सगळ्यांच्याच सासवांनी त्यांना हेच सांगितलेलं. सून माझ्याकडे बघत होती. पापण्या फुगून डोळे बारीक झाले होते. ते मी पाहिलं. मी लगेच वाण वाटायला घेतलं.

खोकला पुन्हा झाला नाही. आता लिहिताना तेच जास्त टोचतं.

शेवटची बाई गेली तशा नर्सबाई बाहेर आल्या. चहाला ठेवलेल्या बाईबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. "ती मावशीची सून ना? आत्ताच्या आत्ता गाठायला हवी. तोंड सुजलं, डोकं दुखतंय, हे साधं नव्हे. झटके येतील तिला." मला त्यांनी चपलाही नीट घालू दिल्या नाहीत.

मावशीचं घर नदीच्या अंगाला होतं. दिवेलागणीला आम्ही पोचलो. मावशी दारातच होती. मला पाहून "या बाई" म्हणाली आणि नर्सबाईंना पाहून उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"तुमी या. त्यांस्नी नगं."

"मावशी, अगं, तुझा धाकटा दवाखान्यात यांच्याच हातचा ना?" मी म्हटलं.

"व्हय, हाय की. तवा काय कळत व्हतं मला?" ती हळूच बोलत होती, नर्सबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. ऐकू जातच होतं. "आता पोटुशी सून हाय घरात. तुमी शिकल्याली मानसं. तुमी सोता त्यांस्नी कुकवाला बशिवत न्हाई, आतल्या खोलीत कोंडता. कायतरी कारन आसंलच की. मग म्या कशी घरात घिऊ?"

माझ्याजवळ उत्तर होतं. मी म्हणू शकत होते की चुकलं आमचं, कारण काही नाही, चल, मी आधी यांचा हात धरून आत येते. मामलेदारीणबाईंच्या कानावर गेलं असतं, खोली गेली असती. मी म्हटलं, "मावशी, तसं काही नसतं गं." असं, मिळमिळीत.

नर्सबाई अंगणातच थांबल्या. तिथून म्हणाल्या, "बाई, तुम्ही जा आत. तिला विचारा, डोळ्यांपुढं अंधारी येते का. लघवी कमी होते का. पोटात वरच्या अंगाला दुखतं का." मी आत गेले. त्या अंगणातून विचारीत, मी आत विचारी, पोर मान हलवी, मी बाहेर सांगे. तिनं सगळ्यालाच हो म्हटलं.

"दवाखान्यात न्या म्हणावं. आज."

"दवाखान्यात तरी कोन, ह्याच न्हव्हं?" मावशी म्हणाली. "पयलं बाळंतपन म्हायेरी व्हतंय. सकाळी गाडी जुपतो तिच्या बापाकडं. आन् तुमीच म्हनला न्हवता का बाई, सुजत्यात म्हनून?"

नर्सबाईंनी अंगणातून माझ्याकडे पाहिलं. माझं उत्तर त्यांनी आतून ऐकलं होतंच.

सकाळी गाडी गेली. गाडीवाट संपते तिथून पुढं डोली. पासलीला भातकापणी चालू होती, घरातलं माणूस न् माणूस खाचरात. पोर पडवीत एकटी असताना झटके आले. येऊन बघतात तो दातखीळ बसलेली. बाहेरचं लागलं म्हणून कोणाला तरी आणलं, धूर केला. बाळ पोटातच गेलं आणि ती पाठोपाठ. हे सगळं मावशीनं मला शाळेच्या पायऱ्या झाडता झाडता सांगितलं, माझ्याकडे न बघता. मला वाटलं आता ती बोलेल मला. शिव्या देईल. पण ती म्हणाली, "तरी म्हनलं व्हतं, त्या बाईला दारात आनू नगासा. अंगनात हुबी ऱ्हायली त्येवढं बी बास झालं."

तिला असं काहीतरी हवंच होतं. त्या उंबऱ्यात ती स्वतः आडवी उभी होती, ते तिला गिळता येण्यासारखं नव्हतं. मला ते समजलं आणि सोयीचंही वाटलं. मावशी, तुझी सून माझ्या उत्तरानं गेली, मला काही येत नव्हतं, ज्याला येत होतं ते माणूस आत बसलं होतं, हे मी तेव्हा म्हटलं नाही.

गोष्ट गावभर झाली. बायका बाळंतपणाला दवाखान्यात जाईनाशा झाल्या. ज्यांना नर्सबाईंनी हातावर घेतलं ती पोरंसुद्धा रस्त्यात त्यांना पाहून आईच्या पदराआड होत. मंडळात मी एकदा तरी उभं राहून बोलायला हवं होतं. त्याऐवजी पुढच्या महिन्याचा विषय घेतला, देवी टोचण्याचा. नर्सबाई मला पढवायला आल्या, मधल्या खोलीतही बसल्या. पण नक्कल केली नाही.

उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली. निरोप कसा द्यायचा यावर आमची बैठक बसली, आणि खरं सांगते, आम्हाला रीतच सापडेना. ओटी भरता येत नाही, कुंकू लावता येत नाही. शेवटी काहीच ठरलं नाही. पुण्याची सर्व्हिस मोटार सुटायच्या वेळी मी वर्गावर होते. रजा काढता आली असती. उर्दूच्या बाई गेल्या होत्या. त्यांनी परत येऊन एवढंच सांगितलं, "मी त्यांच्या हाताला अत्तर लावलं. नसरापूरपर्यंत तरी वास राहील." त्यानंतर त्या मंडळात आल्या नाहीत. मी बोलावलंही नाही.

खोली आम्हाला मिळाली.

आता संस्थान गेलं, मंडळ आहे. मी अध्यक्ष आहे. केस पिकायला लागलेत, कुंकू शाबूत आहे. हळदीकुंकू दर महिन्याला होतं, वाण शेवटी देतात, आणि ही युक्ती कोणाची असं नव्या मुलींनी विचारलं तर माझं नाव सांगतात. मावशी मरेपर्यंत शाळा झाडत होती. मला पाहिलं की तिचा झाडू क्षणभर थांबे, पण विषय कधी निघाला नाही.

हे लिहायला घेतलं ते गेल्या महिन्यातल्या सभेमुळं. शाळेत एक तरुण शिक्षिका नव्यानं लागली आहे. भोंगवलीकडची. वर्षापूर्वी नवरा गेला. हुशार आहे, क्षयावरचं भाषण तिनंच तयार केलं होतं. बायका जमायला लागल्या तशी ती हातातले कागद माझ्याकडे देऊन आत गेली आणि स्टोव्हला पंप मारू लागली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायला लागलं नाही.

मी दारापर्यंत गेले. तिनं वर पाहून विचारलं, "साखर किती घालू, बाई?"

"घाल बेतानं," मी म्हटलं, आणि बाहेर येऊन तिचं भाषण वाचून दाखवलं.